काळीच्या संगमावरचा महाशीर

कुमाऊंच्या पूर्वेस काळी नदी वाहते. तिच्या एका तीरावर भारत, दुसऱ्यावर नेपाळ. पंचेश्वर महादेवाच्या देवळाजवळ तिला पश्चिमेकडून शरयू मिळते. ही अयोध्येची शरयू नव्हे असें म्हणावें, तर काळी मैदानांत शारदा होऊन घाघरेस मिळते, आणि त्याच घाघरेला अयोध्येपाशीं शरयू म्हणतात; तेव्हां तो वाद आज नको.

पंचेश्वराहून टनकपूरकडे रबरी तराफ्यांतून उतरणारे हौशी प्रवासी हल्लीं आढळतात. लांकडी नाव जेथें खडकावर फुटेल, तेथें हवेनें फुगवलेला तराफा आपटून, वांकून पुढें सरकतो. तथापि खरा भरंवसा वल्ह्यावर नाहीं. पाणी ओळखण्यावर आहे. दोन खडकांमधून प्रवाह जिभेसारखा गुळगुळीत निघतो, ती वाट. खडकावरून कोसळून पाणी जेथें उलट वळतें, तेथें तराफा अडकून पडतो. तें ठिकाण टाळावयाचें. मोठ्या धोंड्याच्या पाठीमागें मात्र पाणी संथपणें उगमाकडे फिरत असतें, आणि त्या कोपऱ्यांत नावाडी दम घेतो.

श्रोतेहो, मासाही तेथेंच दम घेतो. या नदीचा राजा सोनेरी महाशीर. ५० किलोंहून अधिक वजनाच्या महाशिराच्या नोंदी आहेत. त्याच्या जबड्यांत दांत नसतात. ते घशांत असतात, आणि गिळलेलें भक्ष्य तो तेथें भरडतो. वसंतांत बर्फ वितळूं लागलें कीं काळी थंड व गढूळ होते. शरयू त्या मानानें निवळ व ऊबदार राहते. दोन्ही पाण्यांच्या सीमेवर महाशीर भक्ष्याची वाट पाहत असतो, आणि गळ टाकणारे त्याची.

गळ लागतांच तो प्रवाहाबरोबर असा धांवतो कीं दोर भराभर सुटत जातो, आणि माणसाला धोंड्यांवरून त्याच्या मागें पळावें लागतें. जाणता शिकारी कांटा नसलेला गळ वापरतो, ओल्या हातांनीं मासा धरतो व त्याचें तोंड प्रवाहाकडे करून, त्याला पुन्हां बळ येईतों थांबतो. मग सोडून देतो. पकडून सोडणें ही कोणाला नुसती ऐट वाटेल. पण मादी प्रौढ होण्यास वर्षें लागतात, आणि सुरुंगाची दारू पाण्यांत फेंकणारा एका क्षणांत लहानथोर सर्व मारतो. जागतिक लाल यादींत हा मासा आज संकटग्रस्त गणला आहे.

पावसाळ्यांत तो पुराबरोबर उपनद्यांत चढतो व वाळूगोट्यांत अंडीं घालतो. १९९६ सालीं भारत व नेपाळ यांच्यांत महाकालीचा तह झाला. त्यांत संगमाच्या खालीं सुमारें ३१५ मीटर उंचीचें पंचेश्वर धरण योजलें आहे. तें अद्याप उभें नाहीं. वीज व पाटपाणी यांची गरज कोण नाकारील? परंतु त्या भिंतीमागें हा संगम व हजारों कुटुंबांची शेतें बुडतील, आणि खालच्या माशांची वाट बंद होईल.

मत्स्यपैदास करून ही उणीव भरून काढतां येईल, असें कोणी म्हणतील. आपल्याकडे लोणावळ्याजवळ वळवण येथें महाशिराची पैदास कित्येक वर्षें झाली आहे, पिलें मिळतात. पण त्या पिलांना पुढें आषाढांत चढून जावयास ओढा लागतो. शरयूच्या मुखाशीं तो अजून मोकळा आहे.