दुपारच्या दराआधी

जर्मनी, ऑक्टोबर १९२३. एका लहान गिरणीगावातल्या नगरपालिकेच्या रोखपालाचा हा दिवस. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या महिन्यात शेकडो गावांत तो असाच उजाडत होता.

सकाळी ६. तिजोरीत राइशबँकेच्या, म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या, नोटा नाहीत. बर्लिनहून आल्या तरी वाटेतच त्यांची किंमत जाते. महिन्याच्या पहिल्या तारखेला डॉलरला सुमारे २४ कोटी मार्क पडत होते. महिनाअखेर ७,२५० कोटी पडतील. मार्क पहिल्या महायुद्धाच्या कर्जानेच खंगला होता. त्यात जानेवारीत फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रुर खोऱ्यात शिरल्या, आणि निषेध म्हणून काम थांबवलेल्या कामगारांना सरकारने नोटा छापून पोसलं.

सकाळी ७. छापखाना. एरवी इथे लग्नपत्रिका आणि हस्तपत्रकं निघतात, आज गावाच्या स्वतःच्या नोटा. मिळेल तो कागद. मागची बाजू कोरीच, कारण ती छापायला वेळ नाही. जुन्या नोटा शिल्लक असतील तर त्यांच्यावर नवा, मोठा आकडा ठोकायचा. वर गावाचं नाव, खाली महापौराची सही आणि नोट कधीपर्यंत चालेल ती मुदत. कायद्याने आधी तारण ठेवून सरकारची परवानगी घ्यायला हवी. कित्येक गावं थांबली नाहीत. मी त्यांना दोष देणार नाही. पगार आज द्यायचा होता.

हेच छापखाने दोन वर्षांपूर्वी किती हौसेने राबत होते! तांबं आणि निकेल युद्धाने गिळलं, चिल्लर नाहीशी झाली, म्हणून गावांनी १०, २५, ५० फेनिगच्या नोटा काढल्या. पुढे त्या इतक्या देखण्या झाल्या की संग्राहक त्या खर्च न करता वहीत चिकटवू लागले. हामेल्नच्या नोटांवर उंदीर पळवणारा बासरीवाला आला. बीलेफेल्डच्या बचत बँकेने तर रेशमावर नोटा छापल्या. न परतणारी प्रत्येक नोट म्हणजे गावाची कमाई होती.

सकाळी १०. गिरणीचा माणूस करंडी घेऊन येतो. गठ्ठे मोजून दिले जातात.

सकाळी ११. पगारवाटप. आता ते रोजच्या रोज होतं. फाटकाबाहेर बायका थांबलेल्या असतात; नवऱ्याच्या हातून पैसे घेऊन त्या थेट दुकानाकडे धावतात.

दुपारी १२. डॉलरचा नवा दर येण्याची वेळ. त्याआधी पाव, बटाटे, कोळसा घ्यायचा, नंतर त्याच पैशात निम्मंही येणार नाही. शेजारगावची नोट दुकानदार उलटसुलट करून पाहतो, आपल्या गावची मुकाट्याने घेतो. तिच्यावर सही करणारा महापौर त्याच्या ओळखीचा आहे. या कागदामागे सोनं नव्हतं, होती ती एवढीच ओळख, आणि माझ्या मते तिनेच गाव चालवलं.

दुपारी ३. परत आलेल्या नोटांची मोजणी.

सायंकाळी ७. खातेवहीच्या रकान्यात शून्यं मावत नाहीत. उद्याच्या नोटेवर कोणता आकडा घालायचा, हे ठरवूनच रोखपाल घरी जातो.

१५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं: एका नव्या मार्काला एक लाख कोटी जुने मार्क. जुन्या नाण्यानोटांच्या प्रदर्शनात अशी एकाच बाजूला छापलेली नोट दिसली, तर आकड्याआधी गावाचं नाव आणि खालची सही वाचा.