शाळेचा संघ आणि वाढती मुले



माळव्यातला पाऊस ओसरू लागला म्हणजे शाळाशाळांतील फुटबॉलचा हंगामही आटोपत येतो. परवा इंदुरातील असाच एक सामना पाहावयास गेलो होतो. आपल्या काळ्या मातीचा गुण आपण जाणताच; अर्ध्या तासात दोन्ही संघांचे गणवेष एकाच रंगाचे झाले. सामना संपला, विजयी मुलांनी एकच कल्ला केला. त्या चिखलाने माखलेल्या घोळक्यात एका मुलाचे कपडे मात्र परीटघडीचे राहिले होते. तो इतरांना पाणी देत होता. मी विचारले, "बाळ, तू किती सामने खेळलास?" तो म्हणाला, "काका, चारही सामन्यांना आलो होतो. उतरवलं नाही." आणि लगेच, जणू आपलेच काही चुकले असावे अशा स्वरात, "मी जरा लहान आहे ना," असे त्याने पुस्ती जोडली.

त्या 'लहान' या शब्दाविषयीच आज थोडे बोलावयाचे आहे.

शालेय फुटबॉलमधील मोठी मनीषा म्हणजे दिल्लीची सुब्रतो चषक स्पर्धा. १९६० सालापासून ती चालत आली आहे आणि तिच्यातील वरचा गट १७ वर्षांखालील मुलामुलींचा आहे. खेळासाठी वयाची मर्यादा हवीच. परंतु ती एका ठराविक तारखेपासून मोजली जाते, हे ध्यानात घ्या. समजा, ती तारीख १ जानेवारी आहे. मग जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला, हे दोघेही कागदोपत्री एकाच वयाचे ठरतात. वस्तुतः त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते; आणि १२ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत एक वर्ष म्हणजे आयुष्याचा बारावा हिस्सा होय. कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा अभ्यासकांनी तपासल्या आणि १९८५ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: वरच्या दर्जाच्या संघांत वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा लक्षात येण्याइतका अधिक होता. डिसेंबरातील मुलांना खेळ कमी कळतो, असे थोडेच आहे! निवड झाली त्या दिवशी ती लहान दिसली, एवढाच त्यांचा अपराध.

त्यात शरीराच्या वाढीची भर पडते. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारणतः १३-१४ व्या वर्षी, मुलींची त्याआधी सुमारे दोन वर्षे. परंतु हे झाले सरासरीचे बोलणे. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते, तर दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. पहिल्याला आघाडीला उभे केले की तो केवळ वजनाच्या जोरावर गोल करतो आणि शाळेला ढाल मिळते. पुढे तीन-चार वर्षांनी इतर मुले त्याच्या बरोबरीला येतात. तोवर धक्क्यावाचून खेळण्याची कला तो शिकलेला नसतो. आणि ज्याने ती शिकली असती, तो मैदान सोडून गेलेला असतो. म्हणजे एका ढालीपायी दोन खेळाडूंचे नुकसान!

आता जरा हिशेब करू. दोन्ही बाजूंचे मिळून २२ खेळाडू आणि चेंडू एकच. एक तासाच्या सामन्यात चेंडू क्षणभरही बाहेर गेला नाही असे धरले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटेही येत नाहीत. तेच एका बाजूला पाच मुले ठेवली तर सहा मिनिटे येतात. लहान मुलांसाठी लहान मैदान आणि कमी खेळाडू ही पद्धत देशोदेशी रूढ झाली आहे, ती याच साध्या कारणाने. पायाला चेंडू लागल्याखेरीज पाय शहाणा होत नाही. बाकावर बसून पोहणे येत नाही आणि फुटबॉलही येत नाही.

कोणता मुलगा पुढे काय होईल, हे शाळकरी वयात सांगता येत नाही. दाखले शोधावयास आपल्याला फार दूर जाणे नको. इंदूरचे मुश्ताक अली यांनी १९३४ च्या जानेवारीत कलकत्त्यास पहिला कसोटी सामना खेळला, तो मुख्यतः डावखुरे गोलंदाज म्हणून. तेव्हा ते १९ वर्षांचे होते. अवघ्या अडीच वर्षांनी, १९३६ साली मँचेस्टरला, त्याच मुश्ताकांनी विजय मर्चंट यांच्यासह सलामीला येऊन ११२ धावा काढल्या. परदेशातील कसोटीत भारतीय फलंदाजाने काढलेले ते पहिले शतक होय.

दुसरा दाखला शेजारच्या महूचा. तेथे १९३३ साली जन्मलेले शंकर लक्ष्मण प्रथम फुटबॉल खेळत असत. १९४७ साली, म्हणजे आजच्या आठवी-नववीतील मुलाच्या वयात, ते लष्करात वाद्यवृंदात दाखल झाले आणि त्यानंतर हॉकीकडे वळले. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत ते भारताचे गोलरक्षक होते. मेलबर्नला १९५६ साली आपण सुवर्णपदक जिंकले, तेव्हा साऱ्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले. चौदाव्या वर्षी त्यांच्यावर 'फुटबॉलपटू' असा कायमचा शिक्का कोणी मारला असता, किंवा 'याच्यात काही नाही' म्हणून घरी धाडले असते, तर?

सर्वच मुले शंकर लक्ष्मण होतील असे नाही. बहुतेक होणार नाहीत. परंतु खेळ त्यांनाही हवाच आहे. धावण्याचा दम, हार पचविण्याची सवय आणि दहा जणांत आपली जागा ओळखण्याची जाण हे धन त्यांनी बरोबर न्यावे, यासाठी तर शाळेचा संघ असतो.

तेव्हा क्रीडाशिक्षकांना नम्र विनंती आहे. संघात नाव लिहिलेले प्रत्येक मूल हंगामात काही वेळ तरी मैदानात उतरेल, असे पाहावे. आघाडीच्या मुलाला कधी बचावाला, बचावातल्याला कधी आघाडीला खेळवून पाहावे. एखादा सामना त्यापायी हातचा जाईल; तो जाऊ द्यावा. पालकांनीही घरी आलेल्या मुलाला "जिंकलात का?" असे प्रथम विचारू नये. "आज काय नवे जमले?" असे विचारावे.

त्या परीटघडीच्या मुलाला मी निघताना विचारले, "पुढच्या वर्षी येणार ना?" तो काही बोलला नाही. मुलांच्या अशा न बोलण्याचा अर्थ आपण मोठ्यांनी वेळीच ओळखावा. पुढच्या पावसात त्याचेही कपडे मळलेले मला पाहावयाचे आहेत.