गाठ

मराठीत 'गाठ' हा शब्द मोठा गोड आहे. लग्नाची गाठ, मनाशी बांधलेली खूणगाठ, मित्रांची गाठभेट! गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो. या शब्दाचे अर्थ विद्यार्थ्यांना कितीदा सांगितले असतील, कोण जाणे! पण त्यातला एक अर्थ मला माझ्या आत्याने शिकवला.

आत्या रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत राहत असे. एका मे महिन्यात तिने माझ्या पत्नीला माजघरात बोलावले आणि हलक्या आवाजात सांगितले, "छातीत सुपारीएवढी गाठ आहे गो. पण दुखत नाही. म्हटलं, आंब्याच्या पेट्या एकदा मुंबईला जाऊ देत, मग बघू." दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. पण गाठ हाताला लागल्याला वर्ष उलटून गेले होते. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली. तिसऱ्या दिवाळीला आत्या नव्हती.

शृंगारकाव्य शिकवताना जो शब्द मी वर्गात खुशाल उच्चारतो, तो आमच्या घरात कोणाच्या तोंडून निघत नव्हता. दुखत नाही म्हणून गाठ लपली आणि लाज वाटते म्हणून ती वाढली.

पुढे मी या रोगाविषयी वाचू लागलो, तेव्हा पहिले नाव भेटले ते एका मराठी विदुषीचे. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला; शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. उंदरांच्या चार कुळांतील स्तनग्रंथींची तुलना करून, काही कुळांतच हा कर्करोग अधिक का होतो, याचा त्यांनी शोध घेतला आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे बाल्टिमोरला जाऊन त्या शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभारली. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ, पण प्रयोगशाळेच्या भिंतींआड राहिल्या नाहीत. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम त्यांनी हाती घेतले.

परळच्याच टाटा रुग्णालयाने १९९८ साली एक मोठा प्रयोग आरंभला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. तपासणारे हात कोणाचे? दहावीपर्यंत शिकून खास प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांचे! यंत्र नाही, सुई नाही. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी हातांनी तपासणी झाली. उरलेल्यांना रोगाची माहिती देण्यात आली. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. रोग बळावल्यावर सापडण्याचे प्रमाण न तपासलेल्यांत शंभरांत ४७ होते, तपासलेल्यांत ३७. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही.

म्हणजे शहाण्या बोटांनी हे काम होते. आपल्या जिल्ह्यातही डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा रुग्णालयाच्या साह्याने गावोगावी तपासणी केली आहे. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतही होते.

बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. पण ती कोणती, हे ठरवायचे डॉक्टरांनी. आपण नव्हे, आणि आंब्याच्या हंगामाने तर नव्हेच. नवी गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून येणारे रक्त, काखेतला फुगवटा, यांपैकी काहीही दिसले, तर दुखण्याची वाट पाहू नये.

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी धाकट्या बहिणीला विचारले, "तपासून आलीस का गं?" ती आधी गोरीमोरी झाली, मग हसली. चार दिवसांनी तिचा फोन आला, "दादा, जाऊन आले. काही नाही."

एवढी मोठी ओवाळणी मला आजवर कोणी दिली नव्हती. यंदा आपणही आपल्या बहिणीला एवढे विचाराल ना?