बाबासाहेबांचा चित्रपट लिहिला कोणी?

जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) हा चित्रपट आपल्या बहुतेक घरांत पाहिला गेला आहे. बाबासाहेबांची भूमिका मामुट्टी यांनी केली, हे लहान मुलेही सांगतात. परंतु परळच्या एका विहारात रविवारच्या वर्गात आम्ही ‘तो लिहिला कोणी?’ असे विचारले, तेव्हा मुलांबरोबर मोठी माणसेही गप्प बसली.

त्या लेखनात तिघांचा हात आहे. सूनी तारापोरवाला, ‘बलुतं’कार दया पवार आणि अरुण साधू.

साधूंचा जन्म १९४१ साली परतवाड्याचा. मुंबईत त्यांनी पत्रकारिता केली. ‘विप्लवा’ ही विज्ञान कादंबरी लिहिली, तशीच बूटपॉलिश करणाऱ्या पोरांवर ‘झिपऱ्या’ही लिहिली. ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या त्यांच्या कादंबऱ्यांवरून पटेलांनीच १९७९ साली ‘सिंहासन’ हा चित्रपट काढला. मात्र त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती. बाबासाहेबांच्या चित्रपटासाठी साधू स्वतः पटकथेकडे वळले.

विज्ञानकथेत उद्याचे जग कल्पनेने उभे करता येते. बाबासाहेबांच्या चरित्रात ती मोकळीक नाही. एक तारीख चुकली तरी समाज जाब विचारणार. शिवाय परळची चाळ, कोलंबिया विद्यापीठ, महाडचे तळे, पुणे करार, नागपूरची धम्मदीक्षा असे ६५ वर्षांचे आयुष्य सुमारे तीन तासांत बसवायचे! काय गाळायचे, हेच तिथे अवघड.

दया पवार १९९६ साली गेले. चित्रपट पडद्यावर आलेला त्यांना पाहता आला नाही. साधू २००७ साली नागपूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०१७ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

घरात मूल गोष्ट लिहू लागले की आपण विचारतो, ‘याने पोट भरेल का?’ आम्हीही आमच्या मुलीला तेच विचारले होते. आता त्याची लाज वाटते. १९२० साली ‘मूकनायक’ काढणाऱ्या बापाची आपण लेकरे! त्या तिघांत मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला एक आपला होता. पुढच्या चित्रपटात आपल्या पोरी का नसाव्यात?

येत्या ६ डिसेंबरला हा चित्रपट लावाल, तेव्हा नावे येण्याआधी टीव्ही बंद करू नका. मुलांना ती मोठ्याने वाचायला सांगा.

जयभीम!