सायकल वाटून भागत नाही, सोबतही द्यावी लागते

दरवर्षी निकाल लागले की पालक मुलींचे दाखले न्यायला शाळेत येतात. ‘पुढे कुठे घालणार?’ असं विचारलं की काही जण हायस्कूलचं नाव सांगतात, काही जण मात्र गप्प बसतात. अनेक गावांत उर्दू शाळा सातवी-आठवीपर्यंतच असते. पुढची शाळा तीन-चार किलोमीटरवर. एसटीची वेळ जुळत नाही, रिक्षाचं भाडं परवडत नाही, अब्बा कामावर आणि भाऊ स्वतःच्या शाळेत. मुलगी हुशार असते, घरच्यांना तालीमचं महत्त्वही कळतं, तरी ती घरी बसते. आम्ही शिक्षक मंडळी हे वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. त्या तीन-चार किलोमीटरला चालत पाऊण तास लागतो. सायकलने पंधरा-वीस मिनिटं.

मग सायकल घेऊन दिली की झालं? तसं होत नाही. घरात सायकल आहे आणि मुलगी तरी पायी जाते किंवा जातच नाही, असं चित्र आपल्याकडे नवीन नाही. कारण प्रश्न नुसत्या पैशांचा नसतो. तिला शिकवणार कोण, कुठे, आणि पहिल्या दिवशी रस्त्यावर तिच्यासोबत कोण असणार, हाही असतो. वाचकहो, याच प्रश्नांची उत्तरं ज्यांनी शोधली त्यांची माहिती आज घेऊ.

पुदुक्कोट्टईत काय घडलं

तामिळनाडूतला पुदुक्कोट्टई हा कोरडवाहू, गरीब जिल्हा. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ‘अरिवोळी इयक्कम’ ही साक्षरतेची चळवळ जोरात होती. शीला राणी चुंकत या तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. बायकांना नुसतं अक्षर शिकवून पुरणार नाही, घराबाहेर पडता आलं पाहिजे, असा विचार करून त्यांनी सायकल शिकवणं साक्षरतेच्या कार्यक्रमातच घेतलं. कार्यकर्त्या बायकांना सायकलीसाठी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मग गावोगाव बायका बायकांना शिकवू लागल्या. सायकलीवर गाणीसुद्धा रचली गेली.

सुरुवातीला टोमणे मिळाले, घाणेरडं बोलणंही ऐकावं लागलं. पण एकटीदुकटीला हसणं सोपं असतं. गावातल्या पन्नास जणी निघाल्या की हसणारा थकतो. 1992च्या महिला दिनी 1,500हून अधिक बायका सायकली घेऊन शहरात उतरल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या काळात लिहिलेल्या वृत्तांतानुसार दीड वर्षात एक लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकल चालवू लागल्या होत्या. त्यात शेतमजूर होत्या, खाणीत राबणाऱ्या होत्या, शिक्षिका होत्या. जुन्या वळणाच्या घरांतल्या मुस्लिम मुलीही होत्या.

या हकिगतीतली एक बारीक गोष्ट आम्हाला फार आवडते. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी सरळ जेंट्स सायकली घेतल्या. सीटपासून हँडलपर्यंत जो दांडा असतो, त्यावर लेकराला बसवता येतं म्हणून काहींना तीच सोयीची वाटली! कामाला जाणं, पाणी आणणं, गावोगाव माल विकणं, मुलांना शाळेत सोडणं यांतला वेळ वाचला. बसस्टॉपपर्यंत सोडायला नवरा किंवा भाऊ कधी मोकळा होतो, याची वाट पाहणं संपलं.

बिहारचा हिशेब

बिहार सरकारने 2006 साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी 2,000 रुपये देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. त्यात योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. मुलगे आणि मुली यांच्यातलं अंतर 40 टक्क्यांनी कमी झालं. फायदा मुख्यतः ज्या गावांपासून हायस्कूल लांब होतं, तिथल्या मुलींना झाला.

हे नुसत्या पैशांमुळे झालं नसावं, असं हे अभ्यासक म्हणतात. गावातल्या नववीच्या सगळ्या मुलींना एकाच वेळी सायकली मिळाल्या, म्हणून त्या घोळक्याने शाळेला निघाल्या. घोळक्यात सुरक्षितता असते, आणि मुलींनी गावाबाहेर जाऊ नये या समजुतीलाही त्यातून धक्का बसतो. जो धडा पुदुक्कोट्टईने दिला, तोच इथेही दिसतो.

बुरख्याचं काय?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो, म्हणून लंडनचं उदाहरण देतो. तिथे 2016 साली सारा जावेद यांनी ‘सायकल सिस्टर्स’ हा मुस्लिम महिलांचा गट सुरू केला. प्रशिक्षित महिला स्वयंसेवक पुढे राहून बाकीच्यांना सोबत नेतात. हिजाब, अबाया, ज्याला जे योग्य वाटतं ते घालून बायका येतात. आज लंडनबाहेरही या गटाच्या शाखा आहेत.

आपल्याकडे करायचं ते साधं आहे. पूर्ण चेनकव्हर असलेली सायकल घ्यावी, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवावी आणि ओढणीची टोकं आत खोचावीत. कपडा चाकात अडकण्याची भीती बरीचशी कमी होते.

मोहल्ल्यात सुरुवात कशी करावी

पहिलं काम मोजणीचं. आपल्या मोहल्ल्यात सहावी ते दहावीच्या किती मुली आहेत, शाळा किती लांब आहे आणि कोणाची शाळा अंतरामुळे सुटली, हे एका वहीत लिहून काढावं. आकडा समोर असला की जमातीच्या बैठकीत बोलणं सोपं जातं.

दुसरं, जागा आणि वेळ. शाळेचं मैदान किंवा ईदगाहचं मैदान, जबाबदार लोकांच्या परवानगीने, रविवारी फज्रनंतर दीड तास. या वेळी मैदानात फक्त मुली आणि बायका. शिकवणाऱ्याही बायकाच. अम्मी आणि खाला यांनाही बोलवावं. ज्या आईने स्वतः हँडल धरलं, ती मुलीला अडवत नाही. शिकण्यासाठी चार-पाच जुन्या सायकली पुरतात.

तिसरं, शिकवण्याची पद्धत. मागून सीट धरून पळण्यापेक्षा सोपा मार्ग आहे. दोन्ही पॅडल काढून टाका. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते सोडवताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील. मग पायांनी जमीन ढकलत सायकल पुढे न्यायची. पाय उचलून दहा-पंधरा पावलं तोल राहू लागला की पॅडल परत बसवायचं. मोठ्या बायकाही असं लवकर शिकतात, आणि पडण्याची भीती राहत नाही.

चौथं, रस्ता. पहिले दोन-तीन आठवडे मुलींनी चार-पाच जणींच्या गटाने जावं, एका ओळीत, डाव्या बाजूने. पुढे एक मोठी मुलगी, मागे एक. ट्रकची वर्दळ असलेला हायवे टाळावा, थोडा लांबचा पण शांत रस्ता चालेल. जिथे असा रस्ताच नाही, तिथे सायकलचा हट्ट धरू नये. एसटीच्या वेळेसाठी डेपोत अर्ज द्यावा.

पाचवं, दुरुस्ती. पंक्चर झालेली सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहते आणि शाळा बुडते. आपल्या मोहल्ल्यांत सायकलचे कारागीर कमी नाहीत. ‘पंक्चरवाले’ म्हणून ज्यांना हिणवलं जातं, त्याच हुनरमंद भावांना एका रविवारी मैदानात बोलवावं आणि मुलींना पंक्चर काढायला, चेन चढवायला, ब्रेक घट्ट करायला शिकवावं.

पैशांचा प्रश्न असेल तर आधी शाळेत चौकशी करा. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखालील 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी 5,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. आपला तालुका त्यात येतो का, हे मुख्याध्यापकांना विचारावं.

‘लोग क्या बोलेंगे’ हे आपल्या घरांत रोज ऐकू येतं. एका मुलीची सायकल ही लोकांना बातमी वाटते, वीस मुलींच्या सायकली ही मोहल्ल्याची रीत होते. म्हणून एकट्या घराने हिंमत करण्यापेक्षा चार घरांनी मिळून ठरवणं बरं. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्याला उघडतात. एप्रिल-मेच्या सुट्टीत सात-आठ रविवार हाताशी असतात, आणि शिकायला तेवढे पुरेसे आहेत.