छायाचित्र-संपादन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदरा व पुरुषवाडीच्या परिसरात, मेअखेरीस आणि जूनच्या आरंभी काजव्यांनी उजळलेल्या झाडांची जी छायाचित्रे दरवर्षी प्रसृत होतात, त्यांविषयी छायाचित्र-संपादन नव्याने शिकणाऱ्यांमध्ये दोन परस्परविरोधी समज आढळतात. एका समजानुसार ही छायाचित्रे निव्वळ बनावट असतात. दुसऱ्यानुसार योग्य ॲप हाती असले, की कोणत्याही छायाचित्रातून असे दृश्य साकारता येते. दोन्ही समज चुकीचे आहेत.

अशा छायाचित्रांपैकी बहुतेक एका टिपणात मिळत नाहीत. ट्रायपॉडवर कॅमेरा स्थिर ठेवून प्रत्येकी १५ ते ३० सेकंदांची अनेक छायाचित्रे लागोपाठ घेतली जातात. पुढे संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एकावर एक ठेवून, म्हणजे त्यांचे ‘लेयर’ करून, प्रत्येक चित्रबिंदूच्या जागी सर्व थरांतील सर्वांत उजळ मूल्य तेवढे राखले जाते. अर्ध्या तासातील लुकलुक अशा रीतीने एकाच चौकटीत गोळा होते. त्यातील प्रकाशाचा प्रत्येक ठिपका कॅमेऱ्याने खरोखरच टिपलेला असतो. मात्र इतके ठिपके एकाच क्षणी झाडावर कोणीही पाहिलेले नसतात. हे चित्र दिनदर्शिकेवर शोभून दिसते, परंतु पर्यटनाच्या जाहिरातीत किंवा बातमीत ते अनेक टिपणे जोडून केले आहे असे नमूद न करता छापणे ही वाचकाची फसवणूकच होय.

‘संपादन न केलेले, अस्सल छायाचित्र’ ही कल्पनाही तपासून पाहण्याजोगी आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावरील प्रत्येक बिंदू सामान्यतः लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजतो आणि उर्वरित दोन रंगांची मूल्ये शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरली जातात. आजचे फोन तर आपण काही करण्याआधीच अनेक टिपणे एकत्र करून, गोंगाट म्हणजे अंधारात उमटणारे रवाळ ठिपके पुसून आणि रंग ठरवून चित्र हाती देतात. शिवाय १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून स्टुडिओतील कारागीर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरील डाग व सुरकुत्या घालवीत असत. तेव्हा संपादन झाले की नाही हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ते कशासाठी आणि किती झाले, हे विचारणे योग्य.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे बिघडलेले छायाचित्र पुढे दुरुस्त करता येतेच, हा. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्यात भर दुपारी टिपलेल्या काळविटाचे उदाहरण घ्यावे. नराची पाठ गडद आणि पोट पांढरे, म्हणून पाठीचे केस दिसावेत इतका प्रकाश आत घेतला, तर पोटाचा भाग पूर्ण पांढरा पडतो. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. तिन्ही रंग २५५ वर जाऊन टेकले, की तेथील केसांचा पोत नोंदलेलाच राहत नाही आणि उजळपणाची पट्टी कितीही मागे ओढली, तरी हाती येतो तो सपाट करडा डाग. रॉ म्हणजे संवेदकाची जवळजवळ कच्ची नोंद; १४ बिटांच्या अशा फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणून सावलीतील तपशील बराच वर काढता येतो, पण संवेदक स्वतःच भरून गेला असेल तर रॉचाही निरुपायच. म्हणून नवशिक्याने फिल्टरांपूर्वी हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या उजळपणाचे किती बिंदू चित्रात आहेत हे दाखवणारा आलेख, वाचण्यास शिकावे आणि तो उजव्या कडेला आदळू लागला, तर जागेवरच प्रकाश कमी करावा. छाटणीचेही तेच. ४,००० × ३,००० बिंदूंच्या चित्रातून दूरवरचे काळवीट १,००० × ७५० एवढ्या चौकटीत कापून घेतले, तर सोळावा हिस्सा उरतो आणि इंचाला ३०० बिंदू धरून त्याची छपाई जेमतेम ३.३ इंच रुंदीची होते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ते मोठे करून देतात खरे, परंतु त्यांनी घातलेला केसन्‌केस हा अंदाज असतो.

प्रत्येक सुधारणेला किंमत असते. अहिल्यानगरजवळच्या डोंगरावरील, लोक ज्याला चांदबीबीचा महाल म्हणतात पण जी वस्तुतः निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे, ती अष्टकोनी इमारत पायथ्याशी उभे राहून टिपली, की तिच्या उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. हा दोष भिंगाचा नसून कॅमेरा वर कलल्याचा परिणाम असतो. सॉफ्टवेअर त्या रेषा सरळ करते, तेव्हा वरचा भाग ताणला जातो आणि कडा कापाव्या लागतात, म्हणून आधीच भोवती मोकळी जागा सोडावी.

महागड्या सॉफ्टवेअरवाचून शिकता येत नाही, हे म्हणणे तर निराधारच आहे. संगणकावर गिंप आणि डार्कटेबल, फोनवर स्नॅपसीड ही साधने विनामूल्य असून प्रकाश, रंगाचा समतोल, छाटणी आणि तीक्ष्णता या मूलभूत गोष्टी त्यांवर पुरेशा शिकता येतात. या मूलभूत गोष्टी सोडून लग्नाच्या अल्बममध्ये चेहरा हटकून गोरा व मेणासारखा गुळगुळीत करणे हे कौशल्य मानले जाते. ते कौशल्य नव्हे, सवय आहे.

जेपेग फाइल उघडून, बदलून पुन्हा पुन्हा जतन केली, की प्रत्येक वेळी संकोचनामुळे तपशील थोडा थोडा गळतो आणि व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र आकारानेही लहान होते. म्हणून मूळ फाइल कधीही अधिलिखित करू नये. काम तिच्या प्रतीवर करावे आणि स्टुडिओला छपाईसाठी द्यायची प्रत व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी किंवा पेनड्राइव्हवर न्यावी.