न्हाणीतला धूर आणि छपरावरचे ऊन



थंडीत घरातली माउली सर्वांच्या आधी उठते आणि न्हाणीतली चूल पेटवते. हा धूर वर्षानुवर्षे छातीत गेल्याने जुनाट खोकला व दम लागण्याचा विकार जडतो.

जरा हिशेब करू. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यास ४,००० किलोकॅलरी उष्णता लागते. उघड्या चुलीची बरीचशी आच वाया जाते, म्हणून त्यासाठी आठ-दहा किलो लाकूड सहज जळते. विजेवर साडेचार ते पाच युनिट लागतात. ऊन मात्र देव फुकट देतो.

सौरबंबाची रचना साधी आहे. उन्हाने तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत चढते व गार पाणी खाली उतरते. पंप लागत नाही. टाकीला जाड वेष्टण असल्याने दिवसा तापलेले पाणी पहाटेपर्यंत गरम राहते.

पैसे देण्यापूर्वी मात्र चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, जागा. तोंड दक्षिणेला हवे आणि झाडाची वा भिंतीची सावली नको. १०० लिटर पाण्याचेच वजन एक क्विंटल भरते. मंगळुरी कौलांवर हा भार ठेवू नये. न्हाणीवर स्लॅब किंवा अंगणात भक्कम चौथरा बांधावा.

दुसरी, गार पाण्याची टाकी. ती सौरबंबाच्या टाकीहून उंच हवी. हवेची नळी त्याहूनही वर न्यावी व कधीही बंद करू नये.

तिसरी, पाणी. बोअरचे पाणी जड असल्यास तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार साचून त्या तुंबतात. तेथे काचनळ्यांचा बंब बरा. पण माकडांचा उपद्रव असल्यास जाळी बसवावी. रिकाम्या, तापलेल्या काचनळ्यांत भर दुपारी गार पाणी सोडू नये, काच तडकते. पहाटे भरावे.

चौथी, मुलांची काळजी. हे पाणी अंग भाजण्याइतके तापते. बादलीत आधी गार, मग गरम पाणी घ्यावे.

पावसाळ्यात ढगांमुळे पाणी कोमट राहील, म्हणून जुना बंब मोडीत काढू नका.

संत फ्रान्सिस सूर्याला भाऊ म्हणत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली त्यांच्याच गीतावरून आपल्या परिपत्रकाला ‘लाउदातो सी’ हे नाव दिले आणि सृष्टीची काळजी घेण्यास सांगितले. ती काळजी आपल्या न्हाणीपासून सुरू करता येईल. बैल, बियाणे, खत यांच्या खर्चाची वही उघडाल, तेव्हा धूर सोसणाऱ्या माउलीचे मतही अवश्य विचारा.